परदेशातली इंटरनॅशनल बिझनेसची पदवी: ४९ लाख घालावेत का?

कृष्णाकाठ

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. घरात महिनाभर याशिवाय दुसरा विषय नाही.

लेक २३ वर्षांची. सांगलीत बी.कॉम. झाली आणि गेली दोन वर्षं एका हळद निर्यातदाराच्या ऑफिसात कागदपत्रं बघते. शिपिंग बिल, पॅकिंग लिस्ट, एलसीची (बँकेच्या पतपत्राची) कागदं बँकेत लावणं, सगळं. काम तिला मनापासून आवडतं आणि याच विषयात पुढं शिकायचंय. सप्टेंबर २०२६ साठी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाची एम.एस्सी. इंटरनॅशनल बिझनेसची ऑफर आली आहे. कोर्स एक वर्षाचा, फी २६,००० पाउंड.

मी पतसंस्थेत नोकरी करते, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. लंडनबाहेर राहायचं तर व्हिसासाठी महिन्याला १,१७१ पाउंड दाखवावे लागतात, तेही नऊ महिन्यांचे. प्रत्यक्षात बारा महिने राहायचं म्हणजे १४,००० धरले. व्हिसाची फी साधारण साडेपाचशे, आरोग्य अधिभार १,१६४. एकूण ४१,७०० च्या आसपास. पाउंड ११८ रुपये धरला तर ४९ लाख. विमानभाडं, थंडीचे कपडे, लॅपटॉप यात नाहीत.

आमच्याकडे १४ लाख आहेत. बाकी ३५ लाख कर्ज आणि विश्रामबागचा प्लॉट तारण. कुणी म्हणतं जर्मनीत फीच नसते, कुणी म्हणतं दिल्लीची आयआयएफटी (परदेशी व्यापार शिकवणारी संस्था) बघा. हिचे बाबा म्हणतात, प्लॉट तिच्यासाठीच तर घेतला होता. मला निर्णय होत नाहीये. अशा पदवीचं मोल नेमकं कसं ठरवायचं?

जिरेमिरे

४९ लाख वाचून हातातला चहा खाली ठेवला. जाणकार मंडळी येतीलच, मी पुढच्या बाकावर जागा धरून बसलोय.

आकडेमोड

ताई, हिशेब चोख मांडलात, पण तो अर्धाच आहे. उरलेला मी मांडतो.

३५ लाख, १०.५ टक्के व्याज, दहा वर्षं: हप्ता ४७,२०० रुपये. पण हप्ता सुरू होण्याआधी कोर्सचं एक वर्ष आणि वरचे सहा महिने जातात. त्या दीड वर्षाचं व्याज साडेपाच लाख. ते दरमहा भरलं नाही तर मुदलात चढतं आणि हप्ता ५४,६०० वर जातो. म्हणून जमेल तसं व्याज तरी भरत राहा.

आता प्रश्न एकच विचारा. तिकडे नोकरी नाही मिळाली आणि लेक दीड-दोन वर्षांनी परत आली, तर पुण्यामुंबईच्या पगारातून ५४ हजार दरमहा जातील का? तिकडच्या पगाराची स्वप्नं पाउंडात बघावीत, कर्जाची तयारी मात्र रुपयात ठेवावी. माझ्या धाकट्या भावाचं कर्ज वडील आणि मी, आम्ही दोघांनी सात वर्षं फेडलं. त्या सात वर्षांत वडिलांनी स्वतःसाठी एक गोष्ट घेतली नाही. हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाहीये, पण हप्ता सगळं घर भरतं हे आधी माहीत असावं.

दोन बारीक गोष्टी. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट (जुन्या आयकर कायद्यातलं कलम ८०ई) आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. आणि स्वतःच्या खिशातले पैसे बाहेर पाठवताना वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर २ टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापतात. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्यावर एप्रिल २०२५ पासून तो नाही. तुमच्या १४ लाखांपैकी ४ लाखांवर ८ हजार कापले जातील. रिटर्न भरल्यावर ते परत मिळतात, पण तोपर्यंत अडकून पडतात.

धुकंचधुकं

मी हाच कोर्स केला आहे, सप्टेंबर २०२२ ची बॅच, उत्तर इंग्लंड. नोकरी मिळाली, इथंच आहे. तरी सरळ "पाठवा" असं म्हणवत नाही.

आधी नियम. कोर्स संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा मला दोन वर्षांचा मिळाला होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचाच मिळणार. तुमची लेक त्यातच येते. त्यानंतर राहायचं तर कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्स (परदेशी माणूस नोकरीवर ठेवायचा परवाना) हवं आणि पगार वर्षाला ४१,७०० पाउंड. नव्याने कामाला लागणाऱ्यांना सवलत आहे, तरी ३३,४०० लागतातच. माझ्यासोबतच्या बऱ्याच जणांना मुलाखतीत पहिला प्रश्न "स्पॉन्सरशिप लागेल का?" हाच आला, आणि "हो" म्हटल्यावर पुढचा फोन आला नाही.

वर्गात काय शिकवलं? संस्कृतींमधले फरक, बाजारात शिरण्याचे मार्ग, गटात बसून करायचे प्रकल्प. वाईट नव्हतं, पण त्यावर कुणी नोकरी दिली नाही. मला नोकरी मिळाली ती नाशिकला सीएचएकडे (कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटकडे) काढलेल्या तीन वर्षांमुळे. ब्रेक्झिटनंतर, जानेवारी २०२१ पासून, युरोपशी होणाऱ्या व्यापारालाही कस्टम्सचे कागद लागायला लागले. ते भरणारी माणसं इथं कमी होती. मुलाखतीत समोरच्या बाईंनी एक इन्व्हॉइस पुढे सरकवला आणि विचारलं, यात चूक कुठं आहे? एचएस कोड (कस्टम्ससाठी मालाच्या प्रकाराचा क्रमांक) चुकलेला होता. तो मी दाखवला आणि पंधरा मिनिटांत मुलाखत संपली.

त्यामुळे ताई, लेकीची ती दोन वर्षं सोन्यासारखी आहेत. चार वर्षं झाली तर आणखी चांगलं.

सातासमुद्रा

इथं दोन गोष्टींची गल्लत होऊ नये म्हणून लिहिते. एम.एस्सी. वेगळी, एमबीए वेगळं. मी नोकरीची सहा वर्षं झाल्यावर इन्सियाडला एमबीए केलं, दहा महिने, फॉन्तेनब्लो आणि सिंगापूर. तिथली फी आता एक लाख युरोच्या घरात आहे. हार्वर्डला नुसती शिकवणी वर्षाला ७६,००० डॉलरच्या वर, आणि तो कोर्स दोन वर्षांचा. हे आकडे भयंकर दिसतात, पण तिथं येणारा माणूस आधीच कमावता असतो आणि कंपन्या कॅम्पसवर त्याच्यासाठी येतात. पदवीनंतर लगेच करायच्या एम.एस्सी.ला हा हिशेब लावू नका. "परदेशात बिझनेस शिकलेल्यांना इतका पगार" असं कुणी सांगितलं तर आधी विचारा, कुठल्या कोर्सचे लोक?

रँकिंगमधल्या पगाराबद्दलही एक सांगते. फायनान्शियल टाइम्सच्या एमबीए यादीतला पगार पदवीनंतर तीन वर्षांचा असतो आणि तो क्रयशक्तीनुसार बदललेला असतो. भारतात २५ लाख मिळवणारा त्या तक्त्यात त्याच्या कितीतरी पट डॉलर कमावणारा दिसतो. तो आकडा बँकेत जमा होत नाही, आणि हप्ता बँकेतूनच जातो.

रानमेवा

जर्मनीबद्दल मी सांगतो, श्टुटगार्टला आठ वर्षं आहे.

"फी नसते" हे बहुतेक सरकारी विद्यापीठांबाबत खरं आहे. पण आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो आहेत. मानहाइम, रॉयटलिंगन, फोर्त्सहाइम ही बिझनेससाठी नावाजलेली ठिकाणं याच राज्यात येतात. म्युनिकच्या टीयूएमनेही २०२४ पासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० सुरू केले.

शिवाय ब्लॉक्ड अकाउंट. वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरायचे आणि महिन्याला ९९२ काढायचे. दोन वर्षांचा खर्च, फी आणि सेमिस्टरचं किरकोळ धरून, ३०,००० युरोच्या थोडा वर. युरो १०४ ने ३२ लाख. म्हणजे फुकट अजिबात नाही. फरक असा की यातला मोठा भाग तिथंच कमावता येतो. किमान वेतन २०२६ मध्ये तासाला १३.९० युरो आहे. वेर्कश्टुडंट (शिकता शिकता काम करणारा) म्हणून आठवड्याला वीस तास काम मिळालं तर महिन्याला १,२०० युरो होतात. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

पण भाषा! कोर्स इंग्रजीत असला तरी ऑफिस जर्मनमध्ये चालतं. आमच्या खात्यात निर्यातीचं काम बघणाऱ्या बाई जगभर इंग्रजीत ईमेल पाठवतात आणि शेजारच्या टेबलाशी जर्मनमध्येच बोलतात. जर्मनच्या बी२ पातळीशिवाय बिझनेसवाल्याला नोकरी अवघड आहे. इंजिनिअरचं एक वेळ निभतं.

बी.कॉम.वाल्यांसाठी आणखी एक: बऱ्याच विद्यापीठांत इकॉनॉमिक्स, स्टॅटिस्टिक्स, अकाउंटिंगचे किती क्रेडिट झालेत ते मोजतात. गुणपत्रिका काढून अभ्यासक्रमाशी ताडून बघा. एपीएस प्रमाणपत्रही (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) लागतं, १८,००० रुपये. ते आधी करून ठेवा.

जिरेमिरे

स्वतःचेच पैसे, पण महिन्याला ९९२ च मिळणार! आमच्या आईने घरात हीच योजना पंचवीस वर्षं चालवली, आणि त्यातूनच आम्ही तिघं शिकलो.

एकतारी

रानमेवा यांच्या भाषेच्या मुद्द्याला माझा अनुभव जोडते.

पुण्यातल्या एका एजंटने माझ्या मुलाला जर्मनीतल्या खासगी कॉलेजात पाठवलं. "इंग्रजीत कोर्स, जर्मनची गरज नाही, प्रवेश पक्का." फी दोन वर्षांची २२,००० युरो. आम्हाला वाटलं जर्मनी म्हणजे जर्मनी. सरकारी आणि खासगी यातला फरक कुणी सांगितलाच नाही. एजंटने आमच्याकडून एक पैसा घेतला नाही, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. त्याला कॉलेजकडून कमिशन मिळतं हे नंतर कळलं. सरकारी विद्यापीठ कमिशन देत नाही, मग तो त्याचं नाव तरी कशाला काढेल?

पदवी खरी आहे, मान्यताही आहे. वर्गात निम्मी मुलं आपलीच. तीन वर्षं झाली, मुलगा एका गोदामात शिफ्ट करतो आणि रात्री जर्मन शिकतो. मागच्या महिन्यात बी२ पास झाला. फोनवर त्याचा आवाज किती दिवसांनी मोकळा ऐकला. जे आधी वर्षभर पुण्यात बसून झालं असतं, ते तिकडं पोटापाण्याच्या धावपळीत करावं लागलं.

कृष्णाकाठ, तुमची ऑफर एजंटमार्फत आली आहे का?

कृष्णाकाठ

हो, एजंटमार्फतच. त्याने चार कॉलेजं सुचवली, चारही इंग्लंडमधली. तुमचं वाचून आज पहिल्यांदा मनात आलं की चारच का?

मुलाला आशीर्वाद सांगा. बी२ झालं म्हणजे दार उघडलंच.

द्राक्षवेल

मी नाशिकचा. वीस वर्षं द्राक्ष पाठवतो, जास्त करून रॉटरडॅमला. शिक्षण बी.एस्सी. ॲग्री.

२०१० साली आमचा माल युरोपात अडकला. क्लोरमेक्वॅट, म्हणजे आमच्याकडे सीसीसी म्हणतात ते वाढनियंत्रक, त्याचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. सगळ्या जिल्ह्याला फटका बसला. माझा एक चाळीस फुटी रीफर (थंड कंटेनर) तिकडं पोचलेला, खरेदीदार उचलायला तयार नाही, प्लग-इनचं भाडं रोज चढतंय, आणि आत माल मऊ पडत चाललाय. मालाची मालकी कुठल्या टप्प्याला बदलते, विमा काय भरून देतो, कन्साइनमेंटवर माल देणं आणि ठरल्या भावाने विकणं यात काय फरक, हे त्या तीन आठवड्यांत शिकलो. पैसे किती गेले ते अजून बायकोलाही पुरतं सांगितलेलं नाही.

म्हणून माझं मत: निर्यात शिकायला परदेशी जायची गरज नाही. न्हावा-शेवाला सहा महिने काढा, अपेडाची (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) ग्रेपनेट ही द्राक्षांची नोंदप्रणाली समजून घ्या, दोन गिऱ्हाईकं स्वतः मिळवा. ४९ लाखांत पोरगी स्वतःचा धंदा उभा करेल.

धुकंचधुकं

दादा, तुमचा अनुभव कुठल्याही वर्गात मिळणार नाही. पण थोडा विरोध करतो. त्या रीफरच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस काय विचार करतो, हे इथं आल्याशिवाय मला कळलं नव्हतं. इथल्या सुपरमार्केटचा खरेदीदार आठवडाभर आधी ठरवतो की कुठल्या देशाचा माल कुठल्या तारखेपासून फळीवर लागणार. चिलीचा माल किती येतोय, पेरूचा कधी संपतोय, हे त्याच्या डोक्यात असतं. तुम्ही दिलेल्या भावाला तो "नाही" का म्हणतो, ते त्या टेबलावर बसून दिसतं. आणि २३ वर्षांच्या मुलीला घराबाहेर, स्वतःच्या पायावर वर्षभर राहायला मिळणं, याचं मोलही मी कमी धरणार नाही.

द्राक्षवेल

हे मान्य. तो माणूस आमच्याशी ईमेलमध्ये दोन ओळींच्या वर बोलत नाही. तो काय बघतो हे सांगणारी आपली पोरगी तिकडं असेल, तर आमच्यासारख्यांना हवीच आहे.

पाटपाणी

कुणी इटलीचं नाव घेतलं नाही अजून. माझी बहीण बोलोन्याला मॅनेजमेंटची मास्टर्स करते. सरकारी विद्यापीठ, फी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते. प्रादेशिक शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ, वर रोख रक्कम आणि कँटीनमध्ये सवलत. तिथल्या संस्थेचं नाव एर-गो.

कागदपत्रांचा डोंगर आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, घरातल्या प्रत्येकाच्या बँकेतली शिल्लक, जमिनीचा उतारा, सगळ्याचं भाषांतर, मग अपोस्टिल. आमच्या सातबाऱ्यावर आजोबांपासून अकरा नावं आहेत. तिच्या वाट्याला किती जमीन येते हे इटालियन बाईंना समजावताना बहिणीने कागदावर अख्खा वंशवृक्ष काढला. त्या बाईंनी तो फाइलला लावूनही घेतला!

एक सावधगिरी: शिष्यवृत्ती हप्त्यांनी येते आणि पहिल्या वर्षीचे ठरलेले क्रेडिट १० ऑगस्टपर्यंत पूर्ण व्हावे लागतात. नाही झाले तर पैसे परत मागू शकतात. म्हणून पहिले पाच-सहा महिने पुरतील इतके पैसे जवळ हवेत.

मोरपीस

अमेरिका का नको? एमबीएला जाऊ दे की सरळ.

आकडेमोड

मोरपीस, अमेरिकेत कोर्सनंतर एक वर्ष ओपीटी (तिथं काम करायची परवानगी), स्टेम म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाचा कोर्स असेल तर आणखी दोन वर्षं. त्यानंतर एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावले. तिथंच शिकून व्हिसा बदलून घेणाऱ्यांना ते लागू नाहीत असा खुलासा नंतर आला, पण सोडत आहेच. नशिबाच्या चिठ्ठीवर प्लॉट लावायचा का, हा प्रश्न उरतो.

उंबरठा

मी आयआयएफटीचा, दिल्ली कॅम्पस. वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतली संस्था, १९६३ ची. आमच्या वेळी प्रवेश परीक्षा वेगळी होती, आता कॅटमधून घेतात. फी दोन वर्षांची वीस लाखांच्या वर. स्वस्त नाही, पण इंग्लंडपेक्षा बरीच कमी, कॅम्पसवर कंपन्या येतात आणि कर्ज ज्या चलनात घ्यायचं त्याच चलनात फेडायचं. पुण्यात सिम्बायोसिसची एसआयआयबी आहे, तीही याच विषयाची. आणि फी कमी हवी असेल तर मुंबईचं जमनालाल बजाज. तिथं इंटरनॅशनल हा शब्द पदवीत नाही, पण तिथून निघालेले लोक जगभर आहेत. पदवीच्या नावातल्या त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नयेत, असं मला फार वाटतं.

अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ जागा, क्यूएस या जागतिक क्रमवारीत २०० च्या आतलं विद्यापीठ हवं. मराठा-कुणबी समाजासाठी सारथी या सरकारी संस्थेची आहे. टाटा एंडोमेंट १८९२ पासून बिनभेदभाव कर्ज-शिष्यवृत्ती देतं. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. इथं पैसे ठेवलेले असतात आणि गावाकडच्या घरांपर्यंत बातमीच पोचत नाही, याचा मला फार त्रास होतो. ज्यांच्या ओळखीत कुणी असेल त्यांनी हे नक्की पुढं सांगा.

जिरेमिरे

थोडं विषयांतर. पाटपाणी, बहिणीला भाकरीचं पीठ मिळतं का तिकडं?

पाटपाणी

बाजरीचं मिळतं, बांगलादेशी दुकानात. ज्वारीचं आई पाठवते, कुणी येणारं असलं की. मागच्या वेळी अर्धी बॅग पीठ आणि अर्धी शेंगदाण्याची चटणी होती. विमानतळावर बॅग उघडली तेव्हा अधिकाऱ्याने वास घेऊन "पिकांते?" (तिखट?) विचारलं आणि हसून सोडून दिलं.

कृष्णाकाठ

मंडळी, काल रात्री अख्खा धागा लेकीला वाचून दाखवला. पुढचं तीच लिहितेय.

नमस्कार, मी कृष्णाकाठची मुलगी. तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी इतका वेळ काढलात, खूप बरं वाटलं. धुकंचधुकं दादा, तुमची इन्व्हॉइसची गोष्ट वाचून मी आज ऑफिसात जुनी फाइल काढली. मार्चमध्ये हळदीच्या एका कन्साइनमेंटला पावडरऐवजी अख्ख्या हळदीचा कोड लागला होता, मी तो बँकेत जायच्या आधी पकडला होता. त्याचं एवढं काही वाटलं नव्हतं.

एकतारी काकू, तुमच्या मुलाचं वाचून मी एजंटला फोन केला आणि जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठाबद्दल विचारलं. तो म्हणाला, "ते फार कठीण असतं." का कठीण, ते त्याला सांगता आलं नाही.

सप्टेंबर २०२६ ला मी जात नाही. विद्यापीठाला ऑफर वर्षभर पुढं ढकलता येईल का असं विचारलंय. ऑफिसातल्या सरांशी बोलले, ते मला जून-जुलैमध्ये न्हावा-शेवाला सीएचएकडे पाठवायला तयार आहेत. नोव्हेंबरमध्ये कॅट देणार. आणि जर्मन सुरू करणार. वर्षाने माझ्याकडे तीन पर्याय असतील आणि नोकरीची तीन वर्षं. बाबा म्हणाले, प्लॉट कुठं पळून जात नाही. आई आज दहा वाजताच झोपली.

एक विचारायचं होतं. ऑफिस सातला सुटतं. सांगली-मिरजेत रात्री आठनंतर जर्मनची बॅच कुणाला माहीत आहे का?

रानमेवा

बाळा, पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनचे ऑनलाइन वर्ग आहेत, त्यांच्या वेळा बघ. आणि आठवड्यातून एकदा रविवारी मी बोलायला मोकळा आहे, तुमच्या संध्याकाळी, फक्त जर्मनमध्ये. निरोप पाठव.

एकतारी

माझा मुलगाही येईल म्हणतो. त्याला शिकवायला कुणीतरी हवंच होतं.